गिळण्याचे बळ परत मिळवताना : आमची वाटचाल

मिरजेत गिळण्याच्या उपचारांचे केंद्र सुरू केले, तेव्हा स्पीच थेरपिस्ट म्हणजे तोतरेपणावर उपचार करणारी व्यक्ती, एवढीच बहुतेकांची समजूत होती. पक्षाघातानंतर पाण्याचा ठसका लागणे, घास घशात राहणे, आवंढाही गिळता न येणे यावर व्यायाम असतात, हे डॉक्टरांना आणि नातेवाइकांना समजावण्यातच आमचे पहिले वर्ष गेले.

त्या काळात आम्ही मुख्यतः पथ्य सांगत असू : भात मऊ असावा, पाणी घट्ट करून द्यावे, घास लहान घ्यावा, मान किंचित खाली ठेवावी. याने आजचा घास सुरक्षित होतो, पण दुबळे स्नायू दुबळेच राहतात. हनुवटीखालचे स्नायू जिभेच्या मुळाशी असलेले घोड्याच्या नालेच्या आकाराचे हाड आणि त्यासोबत कंठ वर व पुढे खेचतात, आणि त्या ओढीने अन्ननलिकेचे तोंड उघडण्यास मदत होते. ही ओढ कमी पडली की अन्न घशात साचते आणि श्वासनलिकेत उतरू शकते. दंडाप्रमाणे या स्नायूंनाही भार दिल्यावाचून बळ येत नाही, हे लक्षात आल्यावर आमच्या कामाची दिशा बदलली.

सुरुवात आम्ही डोके उचलण्याच्या व्यायामाने केली. अमेरिकेतील मिलवॉकी येथील डॉ. रेझा शेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1997 मध्ये मांडला. उताणे झोपून, खांदे न उचलता, फक्त डोके उचलून पायांच्या बोटांकडे पाहायचे; 1 मिनिट धरून 1 मिनिट विसावा, असे 3 वेळा, त्यानंतर सलग 30 वेळा उचलायचे; हे सारे दिवसातून 3 वेळा, 6 आठवडे. आम्ही तो सरसकट दिला, आणि ती आमची चूक होती. मणक्याची झीज झालेल्या वृद्धांची मान दुखू लागली, अनेकांनी आठवडाभरातच व्यायाम सोडला, आणि रुग्ण मनापासून करत नाहीत असे मी बराच काळ मानत राहिले, याचे मला आजही वाईट वाटते.

2014 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी बसून करण्याचा पर्याय प्रसिद्ध केला : सुमारे 12 सेंटिमीटर व्यासाचा फुगवलेला रबरी चेंडू हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये धरून हनुवटीने दाबायचा. निरोगी माणसांवरील त्या पाहणीत हनुवटीखालच्या स्नायूंचे काम डोके उचलण्यापेक्षा कमी पडत नसल्याचे दिसले. आमच्यासाठी त्यातली मोठी गोष्ट अशी, की आजोबा खुर्चीत बसून, समोर नातवंड मोजत असताना हा व्यायाम करू शकतात. योग्य चेंडू मिळवण्यासाठी मात्र सांगली-मिरजेची खेळण्यांची दुकाने पालथी घालावी लागली. कडक चेंडू हनुवटीला टोचत आणि पातळ चेंडू दोन दिवसांत बसत.

पार्किन्सनच्या रुग्णांसाठी स्प्रिंगच्या झडपेविरुद्ध जोराने फुंकण्याचे उपकरण आम्ही पुढे घेतले. त्याचा क्रम 5 फुंकरांचे 5 संच, आठवड्यातून 5 दिवस, 5 आठवडे असा असतो. रक्तदाब आटोक्यात नसेल, तर ते आम्ही देत नाही. उपकरण प्रत्येकाचे स्वतंत्रच हवे, त्यामुळे भाड्याने देण्याचा विचार सोडून खरेदीच्या किमतीतच ते देण्याचे ठरवले.

काही रुग्णांना आम्ही व्यायामाविना परत पाठवतो, आणि धंद्याच्या दृष्टीने हे जड जाते. अन्न श्वासनलिकेत उतरूनही काहींना ठसका लागतच नाही, म्हणून दुर्बिणीने किंवा बेरियम देऊन क्ष-किरणांखाली गिळणे तपासल्याखेरीज आम्ही सुरुवात करत नाही. मोटर न्यूरॉनसारख्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाणाऱ्या आजारात भार दिल्यास स्नायू अधिक थकण्याची भीती असते, तेथे पथ्य आणि बसण्याची पद्धत यांवरच आमचा भर राहतो.

पूर्वी आम्ही दर भेटीचे पैसे घेत असू. आता 6 आठवड्यांचे एकच शुल्क घेतो, कारण खरा व्यायाम घरी होतो आणि भेटी मोजल्याने घरचा व्यायाम वाढत नाही. प्रत्येक कुटुंबाला एक वही देतो, तीत रोजची आवर्तने लिहायची असतात. अथणी आणि चिकोडीकडून येणाऱ्यांसाठी ती वही कन्नडमध्येही छापली आहे, आणि आमच्या सहकारी थेरपिस्ट आता तिसापर्यंतचे आकडे कन्नडमध्ये मोजून घेतात.