वहीतला किलोमीटरचा रकाना

धावायला लागले त्या पहिल्या वर्षी माझ्या वहीत तीन रकाने होते : तारीख, किलोमीटर, वेळ. मार्च ते जूनच्या सगळ्या ओळी जवळजवळ सारख्याच. ५ किलोमीटर, ३२ मिनिटं. ५ किलोमीटर, ३१ मिनिटं ४० सेकंद. आठवड्यातून चारदा. ५ हाच आकडा का, तर तो भरल्यासारखा वाटायचा. वेग मी कधी ठरवलाच नाही. कालच्यापेक्षा दोन सेकंद तरी कमी लागावेत, एवढंच डोक्यात असायचं.

जूनअखेर डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. जिना उतरताना कळ यायची. तीन आठवडे धावणं बंद ठेवावं लागलं आणि त्या सक्तीच्या सुट्टीत मी ती वही पहिल्यापासून वाचून काढली. चार महिन्यांत एकही दिवस मी सावकाश धावले नव्हते. प्रत्येक दिवस थोडासा जास्त जोराचा होता, आणि पायांना सावरायला वेळ कुठेच नव्हता.

तेव्हा मी ४३ वर्षांची होते. मला कुठली शर्यत धावायची नव्हती. दम टिकावा, झोप नीट लागावी, रक्तदाब आटोक्यात राहावा आणि साठीतही पायांनी साथ द्यावी, यासाठी मी धावत होते. यातल्या कशालाच ५ किलोमीटर हे अंतर किंवा किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद हा वेग लागत नव्हता.

पुन्हा सुरुवात केली तेव्हा किलोमीटरचा रकाना शेवटी ढकलला आणि मिनिटांचा पुढे घेतला. ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार व्यायाम सांगते. हळू धावणंही साधारणपणे जोमदार व्यायामातच मोडतं, म्हणजे माझी ९० मिनिटं त्यात व्यवस्थित बसतात. सोबत ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगितलेत, ते मी घरीच करते.

मिनिटं मोजण्याचा मोठा फायदा म्हणजे घाई संपते. ५ किलोमीटर ठरवले की ते लवकर उरकावेसे वाटतात. अर्धा तास मात्र कितीही पळालं तरी अर्धाच तास राहतो.

वेगासाठी मी पाढे वापरते. धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. ‘सतरा साते एकशे एकोणीस’पर्यंत एखाददुसरा श्वास घेत सहज पोचता आलं, तर वेग बरोबर. प्रत्येक ओळीला थांबून हवा ओढावी लागली, तर जास्त आहे. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही जुनी कसोटी. मी एकटीच धावते, म्हणून पाढे. घड्याळातल्या हार्ट रेटच्या झोनवरही, म्हणजे ठोक्यांवरून ठरवलेल्या हलक्या-जोरदार टप्प्यांवरही, काही दिवस चालून पाहिलं. पण ते झोन बहुतेक वेळा मिनिटाला जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय या सूत्रावर बेतलेले असतात, आणि खरा कमाल आकडा त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असू शकतो. शिवाय मनगटावरचा सेन्सर कधी कधी पावलांची लयच ठोके म्हणून मोजतो. श्वास असा फसत नाही.

या कसोटीवर माझा वेग निघाला किलोमीटरला ७ मिनिटं ४५ सेकंद. अर्ध्या तासात ४ किलोमीटरही पुरे होईनात, याचं मला मनापासून वाईट वाटलं. एवढ्याशाने काय होणार, असं वाटे. उत्तर हिशेबात मिळालं. धावताना वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, आणि वेग बदलला तरी हा आकडा फारसा हलत नाही. माझं वजन ६२ किलो, म्हणजे ४ किलोमीटरला सुमारे २५०, सावकाश धावा नाहीतर जोरात. आणखी एका गोष्टीने धीर दिला. ५५,००० हून जास्त लोकांची सरासरी १५ वर्षं नोंद ठेवणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज ५ ते १० मिनिटं, तीही हळू धावणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण ‘हळू धावलेलं मोजायचं नाही’ हा माझा समज मी तिथेच सोडला.

वाढवायचं कसं, यात मी फार सावध झाले आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडं आणि स्नायूबंध मागे राहतात, त्यांना महिने लागतात. दम असतो म्हणून आपण पुढे जातो आणि दुखणं नडगीत निघतं. म्हणून दर दोन आठवड्यांनी मी फक्त एकाच दिवसाची ५ मिनिटं वाढवली. तो दिवस ५० मिनिटांवर आल्यावर थांबले. बाकीचे दोन तिसावरच आहेत. आठवड्यातून एकदा शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार वेगवान धावा घेते, मध्ये पूर्ण विश्रांती. पायांना चपळपणाही हवा, हे मला पटतं.

नऊ महिन्यांनी तोच पाढा, तोच श्वास आणि वेग ७ मिनिटं ५ सेकंद. तो मी कमवायला गेले नव्हते. उन्हाच्या दिवशी किंवा चढावर तो पुन्हा पावणेआठवर जातो, तेव्हा मी त्याला जाऊ देते.

आता धाकटा भाऊ सुरू करतोय. त्याचं वजन ९४ किलो. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं वीस मिनिटं. धावतानाचा त्याचा वेग किलोमीटरला साडेनऊ मिनिटांच्या आसपास भरतो. “ताई, याला धावणं म्हणतात का?” पहिल्याच दिवशी त्याने विचारलं. म्हणतात, मी सांगितलं. रविवारी मी त्याच्याबरोबर जाते. तो ऑफिसातलं काहीतरी सांगत असतो, मी ऐकत असते, आणि त्याचं वाक्य मध्येच तुटलं की दोघांचाही वेग मी कमी करते.