मुस्ताफिनाचा गुडघा आणि नंतरची मुस्ताफिना

रशियन जिम्नॅस्ट अलिया मुस्ताफिनाचा विषय निघाला की सगळे आधी रॉटरडॅमवर जातात. २०१० ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, १६ वर्षांची पोरगी, सीनिअर म्हणून पहिलंच वर्ष, आणि टीमचं गोल्ड, ऑलअराउंडचं, म्हणजे चारही प्रकार मिळून, गोल्ड, वर व्हॉल्ट (टेबलावरून उडी), बार्स (दोन आडव्या दांड्या), फ्लोअर तिन्हीकडे सिल्व्हर. चारही अ‍ॅपरेटसच्या, म्हणजे हे तीन आणि बीम (अरुंद पट्टी), फायनलला पोचली होती. सोव्हिएत युनियन फुटल्यावर रशियाच्या मुलींनी जिंकलेलं ते पहिलंच टीम टायटल. मान्य आहे, भारीच आहे ते. पण हल्ली रोज रात्री तिचे जुने व्हिडिओ बघत बसते आणि रॉटरडॅमवाली मुस्ताफिना मला दिवसेंदिवस कमी इंटरेस्टिंग वाटायला लागलीय. तिच्याकडे सगळंच होतं ना तेव्हा, काय ठेवायचं आणि काय सोडायचं असं काही ठरवायची वेळच आली नव्हती तिच्यावर.

हे सगळं बघण्यामागचं कारण म्हणजे माझा स्वतःचा गुडघा. बॅडमिंटन खेळताना एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट, गेला, ऑपरेशन झालं, आणि आता गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, सोडायची, परत आवळायची, इतका बोअरिंग व्यायाम आहे की समोर काहीतरी लावल्याशिवाय होतच नाही. मग म्हटलं त्याच दुखण्याची माणसं बघू.

तर बर्लिन, एप्रिल २०११, युरोपियन चॅम्पियनशिप. क्वालिफिकेशनला ती पहिली आलेली, ऑलअराउंडची फायनल, आणि व्हॉल्टवर अमानार. रोमानियाच्या सिमोना अमानारच्या नावाचा व्हॉल्ट आहे तो. राउंडऑफ, म्हणजे हातांवर आडवी कोलांटी, करून बोर्डवर पाठमोरं यायचं, टेबलावर हात, आणि मग हवेत सरळ शरीराने अडीच फिरक्या. त्या शेवटच्या अर्ध्या फिरकीतच सगळी गोम आहे, कारण उतरताना पाठ टेबलाकडे असते आणि जमीन नीट दिसतच नाही, आणि फिरकी संपायच्या आत पाय टेकले तर उरलेलं वळण गुडघ्याला घ्यावं लागतं. डाव्या गुडघ्याचा एसीएल तुटला. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला, परत नाही लावला.

त्यानंतर सव्वा वर्षात लंडन ऑलिम्पिक. माझा फिजिओ मला आत्ता जिना कसा उतरायचा ते शिकवतोय, आणि ही ऑलिम्पिकला! असो, तिचं वय १७ होतं आणि मागे सगळी रशियन यंत्रणा उभी होती, बरोबरी करण्यात अर्थ नाही.

पण तिने केलं काय ते बघा. लंडनला अमेरिकेच्या पोरी सर्रास अडीचवाला व्हॉल्ट मारत होत्या आणि ही गुपचूप दोन फिरक्यांवर आली. म्हणजे पहिल्याच अ‍ॅपरेटसवर मागे पडणार हे माहीत असून. ऑलअराउंडच्या फायनलला वर बीमवरून पडली पण, १३.६३३. आणि तरी शेवटी तिचे आणि अ‍ॅली रेझमनचे मार्क अगदी सेम, ५९.५६६. तेव्हाचा टाय तोडायचा नियम असा की दोघींचा सगळ्यात कमी स्कोअर काढून टाकायचा आणि उरलेल्या तिन्हीची बेरीज बघायची. झालं, मुस्ताफिनाचा सगळ्यात कमी म्हणजे तो बीमवरून पडलेला स्कोअरच, तो गेला, उरले ४५.९३३, रेझमनचे ४५.३६६. ब्राँझ मुस्ताफिनाला! रेझमन बीमवरून पडली नव्हती, चौथी आली. मला आजही रेझमनचं वाईट वाटतं, नियम म्हणजे नियम पण जी पडली तिलाच त्याचा फायदा व्हावा हे जरा विचित्रच आहे. फ्लोअरच्या फायनलला परत तेच, इटलीची व्हेनेसा फेरारी आणि ही, दोघींना १४.९००, एक्झिक्युशनचे म्हणजे सफाईचे मार्क बघितले, ब्राँझ परत हिलाच.

बार्सवर मात्र असली काही भानगड नव्हती. १६.१३३, चीनची हे केशिन दुसरी, ब्रिटनची बेथ ट्वेडल तिसरी. सिडनी २००० नंतर रशियाच्या मुलींना आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये मिळालेलं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड. आणि हे माझा गुडघा गेल्यावरच मला कळलं, की बार्स हे एकच अ‍ॅपरेटस आहे जिथे गुडघ्याला जवळजवळ काही काम नसतं, सगळा भार खांद्यांवर आणि हातांवर, जमीन लागते ती थेट शेवटी डिसमाउंटला, म्हणजे उतरायच्या उडीला. तिचा डिसमाउंट पण तिच्याच नावाचा, दोन कोलांट्या आणि त्यात दीड फिरकी. पडलं झडलं तरी एकच लँडिंग. मला वाटतं तिने हिशोब केला असणार, किंवा तिच्या कोचने.

तिचा तो चेहरा! स्कोअर यायची वाट बघत बसलेली असते तेव्हा अशी काही बघते की जजला घाम फुटावा. लोक घमेंडी म्हणायचे. मला वाटतं घरचंच असेल ते, वडील फरहात मुस्ताफिन पैलवान, १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ग्रीको-रोमनमध्ये ५७ किलोला ब्राँझ. आपले खाशाबा जाधव पण १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटलाच ब्राँझ घेऊन आले होते, फक्त फ्रीस्टाइलमध्ये. हे वाचल्यापासून मी तिला मनातल्या मनात पैलवानाची पोर म्हणते.

२०१३ ला अँटवर्पच्या वर्ल्ड्सला बीमवर गोल्ड, ज्या बीमने लंडनला पाडलं होतं त्याच्यावर. मग पाठ गेली, २०१५ च्या ग्लासगो वर्ल्ड्सला आलीच नाही. जून २०१६ ला बर्नच्या युरोपियनमध्ये बार्सवर नुसतं ब्राँझ. तेव्हा हिचं आता संपलं असं म्हणणारे भरपूर होते.

आणि मग रिओ. १४ ऑगस्टची रात्र आपल्याकडे बऱ्याच जणांनी जागून काढली होती, पण दीपा कर्माकरसाठी. सव्वाअकराच्या सुमारास व्हॉल्टची फायनल, दीपाचा प्रोदुनोव्हा, तो पण येलेना प्रोदुनोव्हा या रशियन मुलीच्याच नावाचा, १५.०६६, चौथी. ब्राँझ ०.१५० ने हुकलं. घरात सगळे हळहळत झोपायला गेले आणि मी टीव्ही बंद करायचा कंटाळा करत बसले. मध्यरात्र उलटून गेली होती, बार्सची फायनल, १५.९००, परत मुस्ताफिना. स्वेतलाना खोर्किनाने अटलांटा आणि सिडनीला बार्सची दोन गोल्ड घेतली होती, तशीच हिची लंडन आणि रिओ. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, कोण ही एवढी आखडू बाई असं वाटलेलं. ऑलअराउंडला परत ब्राँझ, या वेळी पुढे सिमोन बाइल्स आणि तीच रेझमन. चला, रेझमनचं काहीतरी फिटलं.

दोन ऑलिम्पिक मिळून सात मेडल्स. २०१७ ला मुलगी झाली, अलिसा, आणि वर्षभरात बाई परत बार्सवर. २०१८ ला दोहाच्या वर्ल्ड्सला टीमचं सिल्व्हर, बार्सवर पाचवी. तिथला डिसमाउंट मी बघितला, आवाज बंद करून बघितला, कॉमेंट्रीवाले फार बोलतात.

जून २०२१ ला नोवोसिबिर्स्कला रशियन कपच्या वेळी निवृत्ती जाहीर केली. आणि जुलैच्या शेवटी टोकियोत रशियाच्या मुलींनी टीमचं ऑलिम्पिक गोल्ड घेतलं. जे हिला लंडनला मिळालं नाही, रिओला मिळालं नाही, दोन्हीकडे सिल्व्हर, ते ही थांबल्यावर दोनच महिन्यांत. त्या टीममध्ये अँजेलिना मेल्निकोव्हा होती, रिओत हिच्याबरोबर खेळलेली, तेव्हा १६ ची नवखी, टोकियोत चांगली मुरलेली. ऑलअराउंडचं ब्राँझ पण मेल्निकोव्हाने घेतलं आणि त्याच वर्षी जपानच्या किताक्यूशूला वर्ल्ड ऑलअराउंड गोल्ड पण, रशियाच्या मुलींमध्ये मुस्ताफिनानंतर पहिल्यांदा.

लागलं असेल का तिला? माझ्या मते लागलंच असणार, आनंद पण झाला असेल आणि लागलं पण असेल. तोपर्यंत ती ज्युनिअर टीमची कोच झाली होती. आणि मला आता राहून राहून एकच प्रश्न पडलाय, की समोर एखादी १५-१६ ची पोरगी आली, हातपाय मजबूत, भीती कशाची नाही, आणि म्हणाली मला अडीचवाला शिकायचाय, तर ही तिला काय सांगत असेल. शिकवतच असेल बहुतेक. त्याशिवाय मार्क मिळत नाहीत.