गणपती खंय पूजतास?

मे महिन्यात गावी गेलो होतो. शिरोड्याच्या अलीकडे आमचं गाव, नाव सांगत नाही कारण पुढे जे भांडण सांगणार आहे त्यातली निम्मी माणसं माझ्याच वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत. आमच्याकडे क्रिकेट आहेच, ते कुठे नाही, पण तेरेखोलच्या पलीकडे लगेच गोवा लागत असल्यामुळे पोरांना फुटबॉलचंही खूळ आहे, आणि मे मध्ये चाकरमानी आले की वाड्यावाड्यांची सात-सात जणांची स्पर्धा किनाऱ्यावर होते. गोलपोस्ट म्हणजे सुरूचे सोट, नेट म्हणजे कोणाच्या तरी जुन्या रापणीचं फाटकं जाळं, आणि मॅचचा टाइम ओहोटी बघून लावायचा कारण तेव्हाच वाळू घट्ट असते. एका वर्षी सेमीफायनल लांबली, भरती आली, कॉर्नरचा झेंडा वाहून गेला, पण दोन्ही टीममधला एकही जण मॅच थांबवायला तयार होईना. शेवटी बॉलच वाहून गेला तेव्हा थांबली.

तर यंदा भांडण झालं माझ्या पुतण्यावरून. भाऊ नालासोपाऱ्याला राहतो, पोरगा जन्मला तिकडेच, वाढला तिकडेच, गावी येतो ते मे मध्ये आणि गणपतीत. बरा खेळतो, म्हणजे आमच्या वाड्यातल्या बाकी सहा जणांपेक्षा फारच बरा खेळतो, आणि पहिल्या मॅचमध्ये त्याने तीन गोल मारल्यावर समोरच्या वाड्याला एकदम नियम आठवले. हो मुंबयचो, हो आमच्या गावचो नाय, ह्येका खेळवू नकात. आधारकार्ड मागितलं. आधारकार्डावर पत्ता वसई तालुक्याचा. झालं, मग काय, अर्धा तास नुसता आरडाओरडा, पंच बिचारा तोंडात शिट्टी धरून उभा, तिकडे पाणी वर यायला लागलेलं.

आमचे एक तात्या आहेत, सगळ्या गावाचेच तात्या, ते सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. ते उठले, पोराजवळ आले आणि एवढंच विचारलं, "तुझो गणपती खंय असता?"

पोरगा म्हणाला, "इथेच. आजोबांच्या घरी."

"मगे झाला. आधारकार्ड काय, सरकारान दिल्यान. खेळ जा."

आणि खरंच, पुढे कोणी काही बोललं नाही. आम्ही ती मॅच जिंकलो आणि पुढची हरलो, पण ते असो.

रात्री लाईट गेली म्हणून सगळे खळ्यात बसलो होतो तेव्हा पुतण्या मोबाइल घेऊन माझ्याकडे सरकला. काका हे बघ, म्हणाला, जगात पण सेम भांडणं चालतात. आणि त्याने मला कोनिफा दाखवलं. मी आयुष्यात नाव ऐकलं नव्हतं. त्यानंतर मुंबईला परत येईपर्यंत, आणि आल्यावरही, मी दुसरं काही वाचलेलं नाही, बायको वैतागली आहे.

कोनिफा म्हणजे फिफाच्या बाहेर राहिलेल्यांची संघटना, २०१३ साली सुरू झाली. फिफाचे मेंबर २११ आणि युनोचे १९३, म्हणजे खरं तर फिफाच जास्त सढळ म्हणायची, एकट्या ब्रिटनच्या चार वेगळ्या टीम तिथे खेळतात. तरी लोक उरतातच. ज्यांचा देश कोणी मानत नाही असे, ज्यांचा देश दुसऱ्या देशाच्या पोटात आहे असे, ज्यांना गावातून हाकललं आणि परत जाता येत नाही असे, आणि तुवालूसारखा एखादा सरळसाधा देश, जो युनोत आहे पण फिफात नाही. यांचा वेगळा वर्ल्ड कप होतो. पहिला २०१४ ला स्वीडनमध्ये ऑस्टरसुंडला झाला, यजमान कोण तर सामी लोक, उत्तरेकडचे रेनडिअर पाळणारे, नॉर्वे-स्वीडन-फिनलंड-रशिया अशा चार देशांत वाटले गेलेले. कोनिफाचे पहिले अध्यक्ष पेर-आंदेर्स ब्लिंड पण त्यांच्यातलेच, रेनडिअर पाळणाऱ्या घरातले. जिंकली नीसची टीम. फ्रान्समधलं नीस, हो. त्यांनाही वाटतं आपलं वेगळं काहीतरी आहे, कोणाला वाटत नाही.

पुढचा २०१६ ला जॉर्जियातून फुटून निघालेल्या अबखाझियात, सुखुमीला. फायनलला यजमानांसमोर कोण होतं माहितीये? पंजाब! ब्रिटनमध्ये वाढलेल्या पंजाबी पोरांची टीम. एक-एक झालं आणि पेनल्टीवर अबखाझियाने मारली. मी हे आमच्या ऑफिसमधल्या एका सरदारजींना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, मग व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनी डब्यातला पराठा दिला.

पण त्याच स्पर्धेतली दुसरी एक टीम माझ्या डोक्यातून जात नाहीये. शागोस बेटं. नकाशा काढून बघा, आपलाच समुद्र आहे, मालदीवच्या खाली सरळ गेलं की लागतात. तिथले लोक नारळाच्या बागांत राबायचे, खोबरं काढायचे, म्हणजे आमच्यासारखेच. १९६८ ते १९७३ च्या दरम्यान ब्रिटनने त्या सगळ्यांना उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं, का तर त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ पाहिजे होता. पाळलेली कुत्री गॅस सोडून मारली. कुत्र्यांचं वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला होता थोडा वेळ. पुढे २००२ च्या कायद्याने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ब्रिटिश पासपोर्ट मिळाला आणि कितीतरी कुटुंबं लंडनजवळच्या क्रॉली नावाच्या गावात येऊन राहिली, गॅटविक विमानतळाच्या अगदी बाजूला. त्या क्रॉलीतल्या पोरांची ही टीम. ज्या बेटाचं नाव जर्सीवर आहे ते बेट त्यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलं नाही. अबखाझियाने त्यांना पहिल्याच मॅचला नऊ गोल मारले, आणि तरी ते पुढची मॅच खेळायला उतरलेच.

माझा पुतण्या निदान वर्षातून दोनदा गावी येतो. दहा तासांचा प्रवास, तुतारी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन नसेल तर जनरलच्या दारात उभं राहून. शागोसचे साधारण शंभर लोक २००६ साली एकदा बोटीने बेटांवर जाऊन आले, काही दिवसांसाठी, सरकारी परवानगीने, आणि तिथे जाऊन त्यांनी काय केलं तर आपल्या माणसांच्या थडग्यांवरचं गवत काढलं. तात्यांनी त्यांना विचारलं असतं तुमचा गणपती खंय, तर त्यांनी काय सांगितलं असतं? आमच्या जिल्ह्यात तिलारीच्या धरणाखाली गावं गेली, देवळांसकट. त्यांना विचारलं तर?

बरं, आता भांडणाकडे येतो, कारण पुतण्याने मला मुळात ते दाखवायला मोबाइल काढला होता.

२०१८ चा वर्ल्ड कप लंडनला झाला, सोळा टीम, आणि यजमान होती बरावा. बरावा हे सोमालियाच्या किनाऱ्यावरचं जुनं बंदर, आमच्या किनाऱ्यावरून समुद्रातून तिरपं खाली गेलं की येईल. तिथल्या लोकांची भाषा स्वाहिलीची एक बोली, बाकी सोमालियापेक्षा वेगळी. यादवीत लोक पळाले, लंडनला स्थिरावले, आणि त्यांची टीम लंडनमध्ये बरावाच्या नावाने वर्ल्ड कप भरवते, यजमानाचं घर एका खंडात आणि मांडव दुसऱ्या खंडात. तर या बरावाने आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटाच्या टीमला, तिला एलान वानिन म्हणतात, दोन-शून्य हरवलं, आणि एलान वानिनवाले म्हणाले की यांनी खेळाडू ऐनवेळी यादीत घुसवलाय, हे नियमात बसत नाही. तक्रार झाली, ती मान्य झाली नाही, आणि एलान वानिन चक्क स्पर्धा सोडून निघून गेले. २०१४ चे उपविजेते हां हे! आमच्या समोरच्या वाड्याने एवढं तरी केलं नाही, ते नुसते ओरडले आणि मग संध्याकाळी आमच्याकडेच सोलकढी प्यायला आले.

त्या स्पर्धेत एक ग्रीन कार्ड होतं. पिवळं आणि लाल यांच्या मधलं. पंचाशी हुज्जत घातली किंवा खोटं पडून दाखवलं की ग्रीन कार्ड, तुम्ही बाहेर, पण तुमच्या जागी दुसरा आत येऊ शकतो. मला ही आयडिया जाम आवडली. फक्त आमच्याकडे ती आणली तर पहिल्या दहा मिनिटांत चौदाच्या चौदा बाहेर आणि बदली म्हणून काठावरचे भजीवाले खेळवावे लागतील.

आता हे सगळं वाचून कोणाला वाटेल की किती गोड, छोटे छोटे लोक, आपापले झेंडे घेऊन खेळतायत. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. पण अबखाझियाचंच बघा ना. १९९२-९३ च्या युद्धात तिथून जॉर्जियन लोक लाखांनी हाकलले गेले, आणि २०१६ ला सुखुमीच्या स्टेडियममध्ये लोक कप घेऊन नाचत होते तेव्हा त्या हाकललेल्या लोकांची टीम काही स्पर्धेत नव्हती. पदानिया म्हणून एक टीम आहे, उत्तर इटलीची, ती कोनिफाचा युरोपचा कप जिंकलेली आहे, पण पदानिया हा देश म्हणजे तिथल्या एका पक्षाने उचलून धरलेली कल्पना, तिथली माणसं काही कोणी उपाशी-तापाशी निर्वासित नाहीत. माझं मत विचाराल तर शागोस आणि पदानिया एकाच रांगेत उभे करणं मला पटत नाही. पण मग रांग लावणार कोण? लावणारा कोणी तात्या पाहिजे आणि तो सगळ्यांना मान्य पाहिजे.

आणि जिंकलं तरी सुटका नाही. २०१८ ला लंडनला जिंकली कारपाताल्या नावाची टीम, म्हणजे युक्रेनमधल्या हंगेरियन लोकांची, फायनलला उत्तर सायप्रसला पेनल्टीवर हरवून. घरी हार-तुरे सोडा, युक्रेनच्या क्रीडामंत्र्यांनी या खेळाडूंची चौकशी करा म्हणून मागणी केली, फुटीर म्हणून. २०१९ चा युरोपचा कप आर्त्साखला झाला, म्हणजे अझरबैजानपासून फुटलेल्या आर्मेनियन लोकांच्या भागात, स्तेपानाकेर्तला, आणि जॉर्जियातूनच फुटलेलं दक्षिण ओसेतिया जिंकलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अझरबैजानने तो भाग घेतला आणि तिथले आर्मेनियन, लाखभर माणसं, काही दिवसांत घरं सोडून गेली. ज्यांनी चार वर्षांपूर्वी मॅचला टाळ्या वाजवल्या ती माणसंच आता तिथे नाहीत.

तिबेटचंही वाचलं. कोनिफाच्याही आधीची गोष्ट, २००१ ला कोपनहेगनला तिबेट आणि ग्रीनलंड अशी मॅच झाली, ग्रीनलंड चार-एकने जिंकलं, आणि ती मॅच होऊ नये म्हणून चीनने बराच जोर लावला होता. ग्रीनलंड अजून बाहेरच आहे, त्यांनी उत्तर अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेकडे अर्ज केला होता तो २०२५ च्या जूनमध्ये फेटाळला. तिबेटी टीमचा कारभार तर आपल्या धरमशालेतून चालतो. बेळगावला कॉलेजात होतो तेव्हा थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बाईंशी घासाघीस करून मी मरून रंगाचा स्वेटर घेतला होता, दोन वर्षं वापरला. त्यांचा एखादा मुलगा टीममध्ये असेल वगैरे तेव्हा कुठे डोक्यात येणार, मी शंभर रुपये कमी केले म्हणून खूश होतो.

हे सगळं झाल्यावर पुतण्याने साहजिकच विचारलं, काका, कोकणची टीम काढली तर? मग त्या अंधारात तासभर तेच. पहिला प्रश्न, कोकण कुठून कुठपर्यंत? भाऊ म्हणाला पालघर धरायचं, मी म्हटलं मग तुझं नालासोपारा पण कोकणच झालं की, मग आधारकार्डाचं भांडण कशाला केलं. गोवेकर येतील का? ते आले तर टीम चांगली होईल पण आपल्यातला एकही पोरगा टीममध्ये राहणार नाही. भाषा कुठली धरायची, मालवणी, संगमेश्वरी, आगरी, की कोकणी मुसलमानांची? त्यांचे लोक तर केपटाऊनला पण पिढ्यान् पिढ्या आहेत, तिकडून एखादा सेंटर फॉरवर्ड उंचापुरा मिळेल. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी तर मूळ आफ्रिकेचे, ते म्हणतील आम्ही आमची वेगळी टीम काढतो, आणि त्यांचा किल्ला आहे, तो कोणाला कधी जिंकता आला नाही, गोलकीपर त्यांच्याकडचाच घ्यावा. वहिनी आतून म्हणाली, आधी वाड्याची टीम सेमीफायनलच्या पुढे न्या.

मुंबईला आल्यावर मी शहाणपणा करून ग्रुपवर टाकलं की पुढच्या वर्षीसाठी नियम लिहून ठेवूया, म्हणजे भर मॅचमध्ये तमाशा नको. नियम एक, ज्याच्या घरचा गणपती ज्या वाड्यात तो त्या वाड्याचा खेळाडू, मग राहायला कुठेही असो. सगळ्यांनी अंगठे दिले, तात्यांनी पण दिला, त्यांच्या नातवाने टाइप करून दिलं की "बरोबर असा". समोरच्या वाड्यातून पण दोन अंगठे आले. मला वाटलं झालं, आपण कोनिफापेक्षा बरे.

मग माझ्या बहिणीचा मेसेज आला. तिचं सासर कणकवलीकडे. "माझा मुलगा दर गणपतीला मामाकडे येतो, आरतीला टाळ तोच वाजवतो, विसर्जनाला पाट तोच धरतो. तो कुठल्या टीमचा?"

काल रात्रीपर्यंत त्याच्यावर सत्तेचाळीस मेसेज झालेत. तात्यांनी अजून वाचलेलं नाही, एकच टिक दिसतेय.