सीतेची वेणी फुलते, पण पिल्लं कुठायत?

मे संपत आला की बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबी रोडला आंब्या-फणसावर सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, लोंबायला लागते, ग्रुपवर फोटोंचा पाऊस, आणि सगळे खूश की आपलं जंगल अजून शाबूत आहे. मला हल्ली फुलं बघून तेवढं बरं वाटत नाही. मी खोडाच्या फटीत दोन-चार पानांची बारकी रोपं शोधत बसतो, आणि ती फार कमी सापडतात.

ऑर्किडचं बी म्हणजे निव्वळ धूळ. एका बोंडात हजारोंनी, काही जातींत तर लाखांनी, पण भाताच्या दाण्यात कोंबासाठी खाऊ असतो तसा यात काहीच नाही. सालीतली ठरावीक बुरशी, तुलास्नेला वगैरे, बियात शिरते, पेशींत तिच्या धाग्यांची गुंडाळी होते, ती पचवून रोप वाढतं. 1899 मध्ये नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच माणसानं हे ओळखलं. म्हणजे बुरशी नाही तर बी उडून उपयोग शून्य.

आता या बुरशीला हवी सलग ओल. आमच्याकडं पाऊस कमी आहे असं कोण म्हणेल, 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर बघितलाय की, पण 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. ऐन पावसाळ्यात साल वाळली तर नुकतं रुजलेलं बी तिथंच संपतं. मोठ्या रोपाला त्याचं काय नाही, जाड पानं, मुळांवर पाणी धरणारं पांढरं आवरण, ते वर्षानुवर्षं फुलत राहतं आणि आपण फोटो काढत राहतो!

गरमी वाढली तर बी वाऱ्यानं वर थंडाव्याला जाईल म्हणावं, तर तिथल्या सालीत तीच बुरशी पाहिजे ना, आणि आमचे डोंगर तरी किती उंच, हजार मीटरच्या आसपास खेळ खलास.

त्यात आमच्या गावचे एक काका कोयता घेऊन झाडावर. म्हटलं, "काका, ते बांडगूळ नव्हे हो, झाडाचं काय खात नाही ते." तर म्हणतात, "मग जगतंय कशावर?" झालं, अर्धा तास बुरशीवर गेला.

वादळात फांदी पडून वेणी खाली आली तर घरी कुंडीत नेऊ नका. शेजारच्याच जुन्या, खडबडीत सालीच्या झाडाला सुती दोऱ्यानं बांधा, मुळं सालीला टेकवून. पॉलिश केलेल्या लाकडावर किंवा निलगिरीवर नको, तिची साल सोलून पडते.