मामीची वही

१०९८ या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनवर येणारे फोन मी घेत नाही, पण त्यांच्या नोंदी आमच्यापर्यंत येतात. मारहाण, ठरलेला बालविवाह, सिग्नलवर भीक मागणारी पोरं, नाशिकरोड स्टेशनवर एकटं सापडलेलं लेकरू. जूनच्या शेवटी आलेल्या एका नोंदीत मात्र अकरा वर्षांच्या मुलीचा एकच प्रश्न होता : "मला आणि माझ्या भावाला ठेवायला जागा आहे का?"

फोन मामीच्या मोबाइलवरून केला होता. मामी तो चार्जिंगला लावून पोळ्यांच्या कामाला गेली होती. नंबर मुलीला पाठ होता, शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे.

बालकल्याण समितीचा आदेश झाला की घरी जाऊन चौकशी करायची आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम. मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे, म्हणून इथे कोणाचंच नाव नाही आणि काही बारीकसारीक गोष्टी मी बदलल्या आहेत.

कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत दोघांना समितीसमोर आणलं. भाऊ सहा वर्षांचा, बहिणीच्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभा. वडील चार वर्षांपूर्वी आग्रा रोडवरच्या अपघातात गेले, आई याच मे महिन्यात. आई आजारी पडल्यापासून तिघंही मामाकडेच होती. समितीच्या बाईंनी हळूच विचारलं, "मामाकडे परत जायचं ना?" मुलगी म्हणाली, "नाही." मामा मारतो का? नाही. मामी उपाशी ठेवते? नाही. मग? त्यापुढे एक शब्द नाही.

असं गप्प बसणारं लेकरू समोर आलं की आमच्या मनात पहिल्यांदा वाईटच येतं, आणि यायलाच हवं. दोघांची तात्पुरती सोय बालगृहात झाली. मुलं आणि मुली वेगळ्या ठेवतात, त्यामुळे भावंडांची ताटातूट झाली. तिला याची कल्पना नव्हती. भावाच्या मुठीतून ओढणी सोडवताना ती पहिल्यांदा रडली.

अहवालाला पंधरा दिवसांची मुदत असते. मी तिसऱ्याच दिवशी मामाच्या घरी गेले.

शरणपूरच्या बाजूला, मागच्या गल्लीत दोन खोल्या. दारावर लाकडी क्रूस, आत भिंतीवर आईच्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार. "सलाम, मॅडम," म्हणत मामा उठून उभा राहिला. सातपूरला कंत्राटी कामगार, दोन दिवस कामावर गेला नव्हता. पोलिसांच्या गाडीतून मुलं गेली, असं गल्लीत झालं होतं. खरं तर गाडी पोलिसांची नव्हती, पण गल्लीला कोण समजावणार? मामीनं चहा ठेवला. त्यांची स्वतःची मुलगी नववीत, ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती.

मी माझे प्रश्न सुरू केले. मिळकत : मामाचे ओव्हरटाइम धरून पंधरा हजार, मामीचे चार घरच्या पोळ्यांचे नऊ. कर्ज आहे का, या प्रश्नावर मामानं मान खाली घातली. मामी उठली आणि पवित्र शास्त्र ठेवलेल्या फळीवरून एक शंभर पानी वही घेऊन आली.

अशी वही मी फार थोड्या घरांत पाहिली आहे. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर गेलेले. ओळखीच्या माणसाकडून घेतलेले ८०,०००, शेकडा पाचनं. महिला गटाच्या फायनान्सचे राहिलेले ३१,०००, हप्ता दर मंगळवारी. बँकेत सोनेतारण ४५,०००. वाण्याची उधारी ७,०००. एकूण १,६३,०००. वर मथळा होता, निळ्या शाईत ठळक केलेला : "ताईंच्या दवाखान्याला."

ताई म्हणजे नणंद, मुलांची आई. मेंदूत रक्तस्राव झाला त्या रात्री जवळ दिसलं त्या खासगी दवाखान्यात नेलं. तो सरकारी आरोग्य योजनेत नव्हता आणि अनामत भरल्याशिवाय पुढे हलायचं नव्हतं. ओळखीच्या माणसानं रात्री अकराला ८०,००० रोख आणून दिले. नंतर ताईंना योजनेतल्या रुग्णालयात हलवलं, जीव वाचला, पण एक बाजू गेली. पुढचे वीस महिने त्या याच खोलीत खाटेवर होत्या आणि मामीनं त्यांचं सगळं केलं.

मी वहीतली उजवी बाजू मोजली. महिन्याला चार हजार, बावीस महिने. ८८,००० रुपये व्याज गेलं होतं आणि मुद्दल होतं तिथेच होतं.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. उंबऱ्याबाहेरूनच आवाज आला, "काय वहिनी, या महिन्याचं काय? आजारपणाला घेताना बरे गोड लागले." त्यानं मला पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी मला अकरा वर्षांच्या मुलीचं गप्प राहणं कळलं. हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल, भाकरी खाताना, अभ्यास करताना, याच दारात?

मी बाहेर गेले. ओळख सांगितली आणि विचारलं, "सावकारीचा परवाना आहे का? क्रमांक सांगा." महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. हा घेत होता साठ. शिवाय व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आपल्याकडे दामदुपटीचा नियम जुनाच आहे. तो काही न बोलता गाडी वळवून गेला.

मला वाटलं होतं, घरात सुटकेचा निःश्वास ऐकू येईल. मामी माझ्यावर चिडली. "मॅडम, तुम्ही जाल. तो परत येईल. आणि खोटं कशाला बोलू, त्या रात्री भाऊबंदांनी फोन उचलले नाहीत, त्यानं पैसे आणून दिले. मुद्दल बुडवायचं नाही आम्हाला." तिचं बरोबर होतं. घर त्यांचं, देणं त्यांचं; आधी त्यांना विचारायला हवं होतं. मी तसं म्हटलं आणि माफी मागितली. जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते हेही सांगितलं. मामानं नको म्हटलं. घेतलं ते द्यायचं, एवढंच त्याचं म्हणणं. तक्रार व्हायला हवी होती, असं माझं आजही मत आहे.

शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाई तोवर येऊन बसल्या होत्या. दोन खोल्या, तीन मुलं, डोक्यावर कर्ज, हे मी मोठ्यानं म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, या जागेचं नाव काय आहे? शरणपूर. १८५४ साली मिशनऱ्यांनी वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं इथं वाढलीत. त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या त्या लिव्हिंगस्टन साहेबाचं शव घेऊन पार लंडनपर्यंत गेला. अनाथ पोरं इथले जुने रहिवासी आहेत." त्यांनी स्वतः एक मुलगी वाढवली होती. ख्रिस्ती माणसाला तेव्हा दत्तक घ्यायची सोय नव्हती, कारण १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांपुरता. कोर्टानं १८९० च्या कायद्याखाली त्यांना फक्त पालक नेमलं. मुलगी अठरा वर्षांची झाली त्या दिवशी कागदावरचं नातं संपलं. "घरातलं नाही संपलं," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक फॉर्म भरताना टोचायचं."

मामानं लगेच विचारलं, "म्हणजे आता आम्हाला दत्तक मिळतात?" मिळतात. बाल न्याय कायद्यानं धर्माची अट राहिली नाही, मामाला भाच्यांना नातेवाईक म्हणून दत्तक घेता येतं आणि १ सप्टेंबर २०२२ पासून त्याचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पण दत्तक म्हणजे कागदावर आई-वडील बदलणार. मुलांना ते हवंय का, हे आधी त्यांना विचारायचं. (नंतर विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबांचं नाव राहू दे." तो विषय तिथेच संपला.)

निघताना मामी म्हणाली, मला तिला भेटायचंय. दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन आम्ही बालगृहात गेलो. मामीनं पिशवीत धपाटे आणले होते आणि वही.

भाची समोर येऊन बसली, मान खाली. मामीनं वही उघडून तिच्या पुढ्यात ठेवली. मला वाटलं, हे लेकराला कशाला दाखवायचं, आणि मी थांबवणारच होते. पण मुलगी म्हणाली, "मला माहितीये. आईमुळे झालं. आम्ही नसलो तर दोघांचं खाणं वाचेल, मग मामा लवकर फेडेल."

मामीनं मथळ्यावर बोट ठेवलं. "वाच. काय लिहिलंय?"

"ताईंच्या दवाखान्याला."

"तुझ्या आईच्या असं लिहिलंय का? ताईंच्या. माझ्या नणंदेच्या. माझं लग्न तिनं जमवलं, शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. नणंदेचं देणं भावजय फेडतेय. भाचीचा काय संबंध मध्ये बोलायचा?"

मुलगी बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "धपाटे त्यालापण दिले का?"

माझ्या अहवालात मी कर्ज लपवलं नाही. वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आणि लिहिलं, की हे कुटुंब कर्जात आहे आणि त्याचा हिशोब ठेवून आहे. केवळ गरिबी किंवा कर्ज हे मुलं संस्थेत ठेवण्याचं कारण होऊ नये, संस्था हा शेवटचा उपाय आहे. समितीनं मुलीशी एकटीशी बोलून घेतलं आणि दोघांना मामा-मामीच्या ताब्यात दिलं. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला, दर मुलामागे महिना २,२५०. हे पैसे मुलांचे, हप्त्याला लावायचे नाहीत, असं मी बजावलं. मामीनं वहीत दोघांच्या नावाची दोन वेगळी पानं केली.

सावकाराचं पुढे असं झालं. सोन्याचा भाव चढला होता. मामीनं तारण ठेवलेलं मंगळसूत्र सोडवून विकायचं ठरवलं. बँकेचे पैसे वळते करून ५८,००० हातात आले. त्यातले ८,००० वाण्याला आणि शाळेच्या वह्या-गणवेशाला, ५०,००० मुद्दलात. त्यांच्या चर्चच्या मंडळीतले एक निवृत्त बँक अधिकारी आणि पाळकसाहेब सोबत गेले. उरलेले ३०,००० बिनव्याजी, महिना ३,०००, प्रत्येक वेळी सही, असा कागद झाला. मंगळसूत्रातला छोटा क्रूस तेवढा मामीनं ठेवला. तो आता काळ्या मण्यांच्या पोतीत आहे.

वहीत दर महिन्याच्या वर "दशांश" असं लिहून खोडलेलं मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. सात महिने मामा दशांश, म्हणजे मिळकतीतला चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, देऊ शकला नव्हता आणि त्या लाजेनं उपासनेलाही जाईनासा झाला होता. पाळकसाहेबांनी घरी येऊन त्याला बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातला चौदावा अध्याय वाचायला लावला. तिसऱ्या वर्षाचा दशांश परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी राखायचा, असं तिथे आहे. "या घरात दोन वर्षं तिन्ही जेवलीत," ते म्हणाले. "खोडलेलं पुन्हा लिही." विधवा आणि अनाथ हिशोबात बसत होते, परकं कोण, असं मामानं विचारलं. तेव्हा मी तिथे बसले होते आणि पाळकसाहेबांनी माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे बोट दाखवलं.

नाताळच्या आठवड्यात पाठपुराव्याला गेले. मामाला नव्या ठेकेदारानं जानेवारीपर्यंतच काम सांगितलं होतं, फायनान्सचा मंगळवार चालूच होता. सावकाराचे पंधरा हजार राहिले होते. मामी करंज्या तळत होती, थोरली लाटत होती, धाकटा सारण चोरत होता. अकरा वर्षांची फळीजवळ बसून वहीतली बेरीज तपासत होती. मी कपाळाला आठी घालून मामीकडे पाहिलं.

"ती स्वतःची दोन पानंच बघते," मामी झाऱ्यानं तेल निथळत म्हणाली. "आमच्या पानांना हात लावू देत नाही मी."