तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगं भर रस्त्यात लोळण घेतं तेव्हा

"पोरगं महाद्वार रोडला आडवं पडतंय, सगळी बघत्यात, शेवटी दोन रट्टे द्यावे लागतात. मग घरी येऊन आपणच रडायचं. करायचं काय?"

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या जागी कधी रंकाळ्याची चौपाटी असते, कधी लग्नाचा हॉल, पण प्रश्न हाच असतो. बहुतेकदा तो आई विचारते आणि विचारताना आवाज खाली आणते. बाबा विचारतात तेव्हा त्याचं रूप बदलतं: "हिनं लाडावून ठेवलंय, आता सुधारंल का?"

बाबांचं आधी मिटवू, कारण ते लवकर मिटतं. दीड ते तीन वर्षांच्या बहुतेक पोरांना असा रागाचा झटका येतो, लाडातल्याला आणि धाकातल्यालाही. या वयात 'पाहिजे' हे कळायला लागलेलं असतं, पण ते सांगायला शब्द पुरत नाहीत. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. शब्द वाढतात तसे झटके कमी होतात, चौथ्या वर्षानंतर बरेच. त्यामुळं यात आईचा गुन्हा शोधत बसू नये.

आता आईचा प्रश्न. रस्त्यातल्या त्या पाच मिनिटांत शिकवण्यासारखं काहीच नसतं. शिकवायचं ते आधी किंवा नंतर. बहुतेकांची गाडी इथंच अडते, कारण चारचौघांत आपण 'काहीतरी करतोय' हे दिसावं असं वाटतं आणि मग तोंड चालू होतं.

आधीचं पाहू. शनिवारी संध्याकाळी सातला भवानी मंडपाजवळ पोरगं पडलं, तर घड्याळ उलटं फिरवा. दुपारी झोपलं होतं का? शेवटचं कधी खाल्लं? एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी, दुपारची धरून, 11 ते 14 तास झोप लागते. तीन ते पाच वर्षांच्याला 10 ते 13 तास. बारक्या पोटात अडीच-तीन तासांनी काहीतरी जावं लागतं. दुपारची झोप मोडून, उन्हात दुचाकीवर पुढं उभं करून आणलेलं, दर्शनाच्या रांगेत तासभर कडेवर अवघडलेलं पोर खेळण्यातल्या गाडीसाठी पडलेलं नसतं. गाडी हे निमित्त. ओळखायची खूण सोपी आहे: मागितलेली वस्तू हातात दिली तरी ते फेकून देतं. खरंच वस्तूच हवी असेल तर वस्तू मिळताच रडं थांबतं. पहिल्याला खाणं, झोप आणि गर्दीतून बाहेर काढणं लागतं. दुसऱ्याला ठाम 'नाही' लागतं. अर्थात, दुसऱ्या प्रकारानं सुरू झालेलं पाच मिनिटांत पहिल्या प्रकारात जातं, तेव्हा फार कीस पाडू नका.

आणि हो, आईनं शेवटचं कधी खाल्लं हेही विचारा. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा उपवास, सकाळपासून दोन कप चहा, त्यात याच दोन वारी देवळात जास्त गर्दी. उपाशी आई आणि उपाशी पोर रांगेत एकत्र उभी राहिली की पुढं काय होणार ते देवीलाही ठाऊक असतं. उपवास असेल तर दर्शन सकाळी लवकर उरका, नाहीतर वार बदला.

पिशवीत डबा हवाच. तूप-गूळ लावलेली चपाती, केळं, धपाट्याचे तुकडे. भडंग देणार असाल तर त्यातले शेंगदाणे वेचून काढा. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा फुटाणा अडकू शकतो, आणि रडणाऱ्या तोंडात तर घास कधीच कोंबायचा नाही.

घरातून निघताना बोटं दाखवून सांगा: "आधी देवी. मग एक फुगा. गाडी आज नाही." एवढंच. बाजारात शिरल्यावर पुन्हा एकदा. 'पाच मिनिटांत निघू' हे दोन-तीन वर्षांच्या पोराला कळत नाही, त्याला मिनिट ठाऊक नसतं. बागेतून निघायचं असेल तर "अजून दोन घसरगुंड्या, मग चप्पल" म्हणा, आणि दोन म्हणजे दोनच. फेरीवाले भिरभिरं नेमकं पोराच्या नाकासमोर फिरवतात, तो त्यांचा धंदाच आहे. तुम्ही पोराला रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, आपल्या आतल्या बाजूला धरून चाला.

आता मागणी आलीच, तर एक नियम मी सगळ्यांना सांगतो: हो म्हणायचं असेल तर रडं सुरू व्हायच्या आत म्हणा. गाडी घेऊन देण्यात पाप नाही. मागितल्याबरोबर मनात हिशोब करा, परवडत असेल तर द्या आणि विषय संपवा. पण एकदा 'नाही' म्हटलं आणि लोळण सुरू झाली, की मग ती गाडी त्या दिवशी मिळत नाही. नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा कंटाळून देणं हे रोज देण्यापेक्षा वाईट. मटक्यासारखं आहे ते. रोज लागत नाही म्हणूनच सुटत नाही. पोराला एवढंच कळतं की आज लागला नाही, उद्या जरा जोर लावू.

इथंच बहुतेक घरं फसतात. तुम्ही ठाम राहायला लागलात की पहिला आठवडा-दहा दिवस झटके कमी होण्याऐवजी वाढतात, कारण जुनी किल्ली लागत नाही म्हटल्यावर पोर ती जास्त जोरात फिरवून बघतं. लोक नेमके तेव्हाच हार मानतात आणि पोर शिकतं की किंचाळी एवढी मोठी असावी लागते. म्हणून परीक्षा, घरातलं लग्न, जोतिबाची यात्रा असल्या आठवड्यात हे सुरू करू नका. आजी-आजोबांशीही आधी बोला. आजीनं चॉकलेट देऊच नये असं मी म्हणत नाही. आजीनं ते रडण्याआधी द्यावं, रडल्यावर नको, एवढं ठरलं तरी पुष्कळ. घरात अडून बसायचे नियमही तीन-चारच असू देत: रस्ता, विस्तव आणि वीज, मारणं-चावणं. लाल शर्ट का निळा, यावरून भांडण करणाऱ्या मोठ्या माणसाचं मला नवल वाटतं.

आणि तरी पडलंच. मग पहिलं काम: रस्त्यावरून बाजूला. मागून दोन्ही बगलांत हात घालून, त्याची पाठ तुमच्या छातीला येईल असं उचला; समोरून उचललं तर डोकं तुमच्या हनुवटीवर आपटतं आणि लाथा पोटात बसतात. दुकानाची पायरी, बोळाचं तोंड, जिथं गाड्या नाहीत तिथं त्याला टेकवा आणि स्वतःही खाली बसा. जरा तिरकं, डोळ्यांत रोखून न बघता. एकदाच म्हणा: "तुला गाडी पाहिजे होती. मिळाली नाही. राग आलाय." मग गप्प. समजावणं, प्रश्न विचारणं, 'शहाणं बाळ ना तू' हे सगळं त्या घडीला आगीत तेल आहे. मारायला आलं तर मनगट धरा, "मारू देणार नाही" एवढं म्हणा, आणि आवळू नका.

'पोलीसमामा नेतील', 'मी तुला इथंच टाकून जाते' हे तर मुळीच नको. गर्दीत पोर खरंच हरवलं तर त्यानं ज्याच्याकडं जावं, त्याच पोलिसाची भीती तुम्ही त्याला घालून ठेवलेली असते.

बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत ओसरतात. वाटतात अर्धा तास, म्हणून घड्याळ बघा. कान द्यायचा तो आवाजाकडं. आधी किंचाळी असते, लाथा असतात; तो राग. तो उतरला की आवाज बसतो, हुंदके येतात, ते दुःख. मिठी या दुसऱ्या टप्प्यात कामाची. रागात मिठी मारली तर ढकलून देतं आणि मग आईला वाटतं, पोराला मी नकोशी झाले. हुंदके आले की हात पुढं करा, पाणी द्या, नाक पुसा. भाषण नको. घरून निघताना फुगा ठरला होता ना, मग तो द्या. तो रडण्याचा मोबदला नाही, दिलेला शब्द आहे. गाडी मात्र नाही.

बघणाऱ्यांचं काय? कोल्हापुरात कुणी नुसतं बघत नाही, सल्लाही देतं. "घ्या की वहिनी, बारकं हाय," असं चपलांच्या दुकानातून येणारच. एक वाक्य तयार ठेवा: "होय मामा, जरा रडून घेऊ दे त्याला." आणि पुन्हा पोराकडं. मोबाइल काढून दिला की क्षणात शांत होतं, हे खरं. पण त्यात पोर शांत व्हायला शिकत नाही, त्याचं लक्ष फक्त दुसरीकडं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलेली मर्यादा दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी आहे, आणि तो तासही कमीच बरा.

रडता रडता श्वास धरून निळं पडणाऱ्या पोरांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्या धास्तीनंच बरीच घरं प्रत्येक हट्ट पुरवतात. सहा महिने ते सहा वर्षं या वयात काही मुलं जोरात रडताना श्वास सोडतात आणि पुन्हा घेतच नाहीत. ओठ निळे पडतात, अंग सैल किंवा ताठ होतं, काही सेकंद शुद्ध जाते. हे ती मुद्दाम करत नाहीत. बहुतेकदा मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. तोंडात काही असेल आणि दिसत असेल तर काढा, कुशीवर निजवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, हलवणं, दातांत चमचा घालणं यातलं काहीही करू नका. पहिल्यांदा घडलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. लोहाची कमतरता असलेल्या मुलांत हे जास्त आढळतं आणि लोह भरून काढलं की कमी होतं. मात्रा डॉक्टर वजनावरून ठरवतील. श्वास मिनिटाच्या पुढं सुरू झाला नाही, हातापायांना येणारे झटके थांबेनात, किंवा न रडता असं घडलं, तर लगेच दवाखाना गाठा.

आता रट्ट्याचं. मारल्यावर पोर गप्प होतं, ते भीतीनं. काही दिवसांनी एका रट्ट्यानं भागत नाही, दोन लागतात. वर 'मोठा लहानाला मारू शकतो' हे शिकून ते धाकट्या भावंडावर हात टाकतं. हे बहुतेक आयांना ठाऊकच असतं. हात ठरवून उठत नाही, निसटतो. म्हणून तो उठायच्या आधीच्या खुणा शिका: जबडा आवळतो, कान तापतात, "किती वेळा सांगितलं" हे तिसऱ्यांदा तोंडून येतं. तिथंच पोराला सुरक्षित ठेवून दोन पावलं मागं. हात पाठीमागं एकमेकांत गुंतवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा. नवरा-बायकोत एक शब्द ठरवून ठेवा, तो उच्चारला की दुसऱ्यानं काही न विचारता पोर घ्यायचं. टोमणा नंतरही मारायचा नाही.

वर्षाच्या आतलं बाळ तासन्‌तास रडत असेल आणि तुमचा तोल जात असेल, तर त्याला सपाट, मोकळ्या जागी उताणं ठेवा, खोलीबाहेर या, पाच-दहा मिनिटांनी परत जा. तेवढ्या रडण्यानं बाळाला काही होत नाही. पण त्याला गदागदा हलवू नका, कधीही. मान कोवळी असते आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

हात उठलाच असेल तर संध्याकाळी सगळं निवल्यावर सांगा: "मी मारलं. माझं चुकलं." त्याला 'पण तू सुद्धा' जोडू नका. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप लागत नसेल, कशातच जीव रमत नसेल, बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर तो स्वभाव नाही, उपचार होणारा आजार असू शकतो. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचा विचार आला असेल तर मात्र दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि फोन करा.

पोराला दाखवायची वेळ कधी? झटके नेहमीच पंचवीस मिनिटांच्या पुढं जात असतील, स्वतःला दुखापत करून घेत असेल, पाच वर्षांनंतरही रोज चालू असेल. दोन वर्षांचं होऊनही 'पाणी दे' सारखे दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, येणारे शब्द गेले असतील, तर वाट बघू नका. 'त्याचा बापबी उशिरा बोलला' हे ऐकून वर्ष घालवू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जा आणि कानाची तपासणी आधी मागा.

फरक कधी पडतो, हे तुम्ही पुढं विचारणारच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन आठवडे लिहा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, किती मिनिटं. पंधराव्या दिवशी त्या नोंदी वाचल्या की बहुतेक घरांत एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसते: साडेसहा ते आठ, कुकरच्या शिट्ट्या चालू, सगळे दमून नुकतेच घरात शिरलेले. त्या घरांत मी आधी पोराचं जेवण सव्वासहाला आणायला सांगतो.