टेबलच्या खालची मॅच

शनिवार, रात्री

शाहू स्टेडियमवरनं येऊन जेवण झालं तरी मॅच डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलो. कोल्हापुरात फुटबॉलचं नाव काढलं की लोक पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ह्याच टीमची नावं घेतात, आणि घेणारच, त्यांची एकमेकांत मॅच लागली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पण केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये पॉइंट टेबलच्या खालच्या टोकाला जे चालतं ना, सिनिअर म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये कोण टिकणार आणि खालच्या डिव्हिजनमध्ये कोण जाणार, तेवढं टेन्शन मला फायनलला पण येत नाही.

आमच्या पेठेच्या तालमीची फुटबॉल टीम यंदा तिथंच अडकलीय. सिनिअरच्या 16 संघांतनं बाहेर पडलं की नुसती लीग जात नाही, लीगनंतरच्या नॉकआऊट स्पर्धा पण हातच्या जातात, मग गर्दी नाही, बक्षीस नाही, वर्गणी मागायला गेलं की लोक उद्या या म्हणतात, आणि पुढच्या नोंदणीला चांगलं पोरगं दुसऱ्या तालमीकडं सही करून मोकळं. त्याला तरी कुठल्या तोंडानं थांब म्हणायचं, खेळायची वर्षं असतात किती.

आजचंच बघा. आमचा स्टॉपर, म्हणजे मागं मधोमध उभा राहून गोल अडवणारा गडी, शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, रात्रपाळी करून दोन-तीन तास झोपून आलेला, घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळून त्यावर मोजा चढवला आणि उतरला. सेकंड हाफला एक गोलनं मागं होतो, कॉर्नर मिळाला, हा गडी मागनं धावत आला आणि तीन जणांच्या डोक्यावरनं हेड मारला. एक-एक. ड्रॉच झाली, पण एक पॉइंट तर मिळाला! माझ्या शेजारचे काका मोबाईल काढून लगेच गोल डिफरन्स, म्हणजे मारलेल्या गोलातनं खाल्लेले गोल वजा करून, मोजायला लागले, सगळी लाईन त्यांच्याकडं वाकून बघतीय.

खाली बारकी पोरं जाळीला चिकटून बसलेली. 2017 च्या अंडर-सेव्हन्टीन वर्ल्डकपला भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा, त्याचं नाव त्यांना पाठ आहे, भारी वाटतं ऐकायला. पण ह्या पोरांना फुटबॉलचं वेड लागतं ते पेठेच्या टीममुळं, ओळखीचा दादा स्टेडियमवर खेळताना दिसतो म्हणून. टीम खाली गेली तर तो दादा त्यांना एवढ्या गर्दीपुढं दिसणार कुठं? म्हणून वर्गणी द्यायची असेल तर ती आत्ता द्या, टीम खाली गेल्यावर हळहळून काही होत नाही, हे मी आज कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलंय.

पुढची मॅच आमच्याच बरोबरीचे पॉइंट असलेल्या टीमशी आहे, तिथं ड्रॉ चालणार नाही, जिंकायलाच पाहिजे. स्टॉपरची त्या दिवशी पाळी बदलून मिळावी म्हणून तालमीतले दोघं उद्या त्याच्या सुपरवायझरला भेटायला जाणारेत, मी पण जातोय.